फडातून निघालेली तोफ

मी लष्करात गेलो तो देशासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतात, गळ्यात हार घालतात आणि हेडमास्तर माईकवर सांगतात की लहानपणापासून यांच्या मनात देशभक्तीची ज्योत तेवत होती. कसली ज्योत न् कसलं काय! मी गेलो एका पोरीसाठी. ती पोरगी आता सत्तरी ओलांडून आत स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा शोधतेय आणि डबा मीच कुठंतरी ठेवला असं मोठ्यानं म्हणतेय. मी बाहेर ओट्यावर काय लिहीत बसलोय याचा तिला पत्ता नाही. असता, तर दर ओळीला चूक काढली असती.

आम्ही मूळचे पाथर्डीकडचे. तिकडं बाजरी एकदा घरात आली की वर्षाचं काम संपलं. दसरा झाला की बैलगाडीत पोरं, भांडी, कोंबड्या असं सगळं भरायचं आणि ऊस तोडायला खाली प्रवरेच्या पट्ट्यात उतरायचं. सहा महिने तिथंच, पाचटाच्या कोपीत. कोपी म्हणजे चार काठ्या वर एकत्र बांधायच्या आणि भोवती उसाचा वाळका पाला शाकारायचा. आत वाकून जायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. एका वर्षी परत जायच्या वेळी बाप अडून बसला. "आता न्हाई जायचं वर. हितं पानी हाय." संगमनेरच्या खालच्या अंगाला एकाची चार एकर जमीन वाट्यानं धरली आणि आम्ही तिथले शेतकरी झालो. म्हणजे आमच्या मतानं झालो. गावाच्या मतानं आम्ही 'कोयतेवालेच' राहिलो. दहा वर्षं तिथलं पाणी प्यालो, तरी कुणी विचारलं "कुठलं रं तुमी?" तर उत्तर दुसराच द्यायचा, "वरचे हायेत ते." शिवाय वाट्याच्या जमिनीवर भागत नव्हतं, त्यामुळे हंगामात आई-बाप आणि मी लोकांचा ऊस तोडायलाही जात होतोच.

शेजारच्या वस्तीवर ती राहायची. तिचा बाप मोठा ऊसवाला. त्याला सगळं गाव मामा म्हणायचं, मी पण म्हणायचो, पण मी म्हणायचो ते भीतीनं. त्याच्या फडात तोड लागली की तो टोळीच्या मागं मागं फिरायचा. बुडखा दोन बोटं वर राहिला तरी ओरडायचा, "साखर बुडात आसती! माज्या पोटावर कोयता मारता का?" असा माणूस. तरी माझ्या बापानं हिय्या केला आणि एका नातेवाइकाला घेऊन त्याच्या ओसरीवर जाऊन बसला. जात एक, देवक वेगळं, सोयरीक जमण्यासारखी होती. मामानं चहा पाजला, म्हणजे अर्धी लढाई जिंकली होती. मग म्हणाला, "पोरगं कामाचं हाय, मला म्हाईत हाय. पर माजी पोरगी सहा सहा महिनं कोपीत न्हाई ऱ्हायाची. कोयता सुटला पायजे. नोकरी बघ म्हनावं. आन ठरल्यावर पुन्ना त्याच्या हातात कोयता दिसला, तर सोयरीक मोडली म्हनून समजा."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती भेटली. भेटली म्हणजे ती घागर भरत होती आणि मी विनाकारण बैल धूत होतो. इकडंतिकडं बघून म्हणाली, "मग बघा की नोकरी. का मीच बघू?"

नोकरी बघायची म्हणजे काय सोपं होतं होय! कारखान्यात शिपायाची जागा होती, ती साहेबाच्या मेव्हण्याला लागली. एसटीत कंडक्टर व्हायला गेलो, तर तिथल्या माणसानं मला वरून खाली बघितलं आणि म्हणाला, घंटीची दोरी तुटंल. मग कुणीतरी सांगितलं, नगरला भिंगारच्या कॅम्पात माळी भरतायत. माळीकाम म्हणजे आमच्यासाठी सुट्टीच. भाकरी बांधून घेतली आणि गेलो.

तिथं मैदानात दोन रांगा. एकीत आठ-दहा म्हातारे, दुसरीत दोनशे तरणी पोरं. ज्या हॉटेलात गर्दी तिथली भजी चांगली, या न्यायानं मी मोठ्या रांगेत घुसलो. पुढं गेल्यावर शर्ट काढायला लावला आणि छाती मोजली. माळ्याची छाती कशाला मोजतात? पण सरकारी काम, असेल काहीतरी. मग पळायला लावलं. बागेत ढोरं शिरत असतील, त्यांच्यामागं पळावं लागत असेल, असं म्हणून मी असा पळालो की पाचवा आलो. दिवस मावळायच्या आत एक मिशीवाला हवालदार पाठीत थाप मारून म्हणाला, "शाबास! इन्फंट्री." मी शेजारच्या पोराला विचारलं, "इन्फंट्री म्हणजे कुठलं झाड?" तो इतका हसला की खाली बसला. मग म्हणाला, "आरं येड्या, पायदळ. चालायचं आन लढायचं." चालायचं म्हटल्यावर माझी काही हरकत नव्हती. बैलगाडीच्या मागं मी जन्मभर चाललोच होतो. लढायचं हा शब्द घरी आल्यावर आईनं रडायला सुरुवात केली तेव्हा डोक्यात शिरला.

मामा मात्र खूश. सरकारी नोकरी, वर पेन्शन, आणि हातात कोयत्याच्या जागी बंदूक. सुपारी फुटली. मला दोन-तीनदा परत परत सांगितलं, "ध्यानात हाय ना? कोयता न्हाई." मी म्हटलं, "मामा, लष्करात कशाला येतोय कोयता!"

पलटणीत गेल्यावर मी शहाणपणा केला. सगळ्यांना सांगितलं, आम्ही बागायतदार. चार एकर बागायत. वाट्याची हे सांगितलं नाही, आणि आई-बाप दुसऱ्याच्या फडात तोड करतात हे तर अजिबात नाही. लाज वाटायची, दुसरं काय. पण कंपनीत आमच्याच गावचा एक जण निघाला, माझ्याआधी दोन वर्षं भरती झालेला. फौजेत असल्या माणसाला गाववाला म्हणतात आणि जिवापाड जपतात. या गाववाल्याला मी जपत होतो ते त्याला माझं सगळं माहीत होतं म्हणून. त्याच्या तोंडाला कुलूप लावायची किल्ली म्हणजे माझ्या वाट्याची रम. दर खेपेला तो माझा पेला उचलायचा आणि म्हणायचा, "बागायतदार, तुमची कृपा."

पण रमनं त्याचं तोंड बंद व्हायचं, हात नाही. गडी दर आठवड्याला घरी पत्र लिहायचा, चांगलं चार-चार पानी. कोण परेडमध्ये पडला, कुणाला जुलाब लागले, कुणाच्या बायकोचं पत्र आलं, सगळं. त्याचा बाप ते पत्र गावातल्या चहाच्या हॉटेलात वाचून घ्यायचा आणि अख्खं गाव ऐकायचं. त्या हॉटेलाच्या बाकावर सकाळचा चहा घ्यायला मामाही असायचा. म्हणजे मी तिकडं शिंकलो, तर इकडं मामाला कळणार. मी त्याला बजावून ठेवलं होतं, माझ्याबद्दल फक्त 'तब्येत बरी आहे' एवढंच लिहायचं.

अशात एकाहत्तरचा डिसेंबर आला आणि लढाई लागली. आम्ही पश्चिमेच्या सरहद्दीवर होतो. दोन दिवसांत सरहद्द ओलांडून पलीकडच्या मुलखात शिरलो. गावं मोकळी पडलेली, माणसं पळून गेलेली, कुत्री तेवढी राहिलेली. लांबून तोफांचा आवाज आला की बाकीचे माना खाली घालायचे. मी मान खाली घातली ती समोर बघून. समोर, डावीकडं, उजवीकडं, नजर जाईल तिथवर ऊस.

आमचा कंपनी कमांडर मेजरसाहेब, लांब उत्तरेकडचा, धिप्पाड, देवमाणूस. पण ऊस ही चोखायची वस्तू आहे यापलीकडं त्याला काही माहीत नव्हतं. एका फडाच्या कडेला आम्ही खंदक खणले. साहेबानं बघितलं, तर खंदकातून पुढचं काहीच दिसत नाही. माणूसभर उंच ऊस. शत्रू त्यातून पार आमच्या नाकापर्यंत आला असता, तरी पत्ता लागला नसता. साहेबानं हुकूम दिला, दिवस मावळायच्या आत समोरचा शंभर पावलं ऊस साफ करा. आणि तो स्वतः दुसऱ्या तुकडीकडं निघून गेला. मोकळ्या घरांमधून विळे-कोयते गोळा करून आणले आणि सुभेदारसाहेब ते वाटायला लागले.

कोयते दिसताच मी ओरडलो, "साहेब, संडासाचा खड्डा मी खणतो!" सुभेदाराच्या सगळ्या नोकरीत या कामाला आपण होऊन कुणी हात वर केला नसेल. त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं, पण फावडं दिलं. मी पळतच फडाच्या मागच्या टोकाला गेलो आणि खणायला लागलो. त्यामुळे पुढं सगळ्यांना गोळा करून सुभेदारसाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी ऐकलीच नाही. ती काय, ते कळेलच.

खड्ड्यातून मला फड दिसत होता. देवा रे देवा, काय ती तोड! आमच्या कंपनीत निम्मे कोकणातले, बाकी घाटावरच्या डोंगरातले. भाताशिवाय त्यांनी काही कापलं नव्हतं. कुणी छातीइतक्या उंचीवर तोडतोय, कुणी एका उसावर चार घाव घालतोय, एकानं स्वतःचा बूट कापला. अर्ध्या तासात दोन बाजा टाकता येतील एवढी जागा झाली. आणि बुडखे? गुडघाभर उंच, तिरपे, धारदार. त्यावरून पळायची वेळ आमच्याच माणसांवर येणार होती. मी खाली मान घालून खणत राहिलो. कंबरेइतका खड्डा झाला, छातीइतका झाला. एवढा खोल संडास त्या आघाडीवर दुसरा नसेल.

काठावर बूट दिसले. गाववाला. कमरेवर हात ठेवून उभा.

"काय बागायतदार, बघवतंय का?"

"तू लिहिशील," मी म्हटलं.

"लिहीन की. एवढी भारी गोष्ट कोन सोडंल?"

"महिनाभराची रम देतो."

"रम संपलीय गड्या. कवा येती कुनाला ठावं, आन आली तर आपुन आसू का न्हाई, ते बी कुनाला ठावं."

तेवढ्यात लांब कुठंतरी धडाडधूम झालं आणि फडातली पोरं दचकून खाली बसली. अठरा-वीस वर्षांची पोरं. सूर्य डोक्यावरून कलला होता. माझ्यासमोर मामाचा चेहरा आला, विहिरीवरची ती आली. आणि त्या पोरांकडं बघितलं. आज हा ऊस तुटला नाही, तर उद्या यातली कोण कोण राहतील याचा नेम नव्हता. मला स्वतःचाच राग आला, मामाचा आला, त्या उसाचा आला. मी फावडं फेकलं आणि खड्ड्यातून वर आलो. वर यायला गाववाल्याला हात द्यावा लागला, इतका खोल खणला होता.

पहिल्या पोराच्या हातातला कोयता हिसकावला. त्याला म्हटलं, "सरक. बघ." आणि वाकलो.

आता खरं सांगायचं तर मला आनंद झाला. दीड वर्ष हात नुसते सावधान-विश्राम करून कंटाळले होते. एका हातात मधोमध धरलेला ऊस, दुसऱ्यानं बुडात एक घाव, फिरवून शेंड्यावर दुसरा, मागं टाक. खच, खच, टाक. मी ओरडायला लागलो. माझा बाप ओरडायचा तसाच. "वाका! देवापुढं वाकता ना, तसं वाका! बुडात मारा! तू तोडू नको, तू मोळ्या बांध! तुमी चौघं ओढून मागं न्या!" लान्सनाईक, नाईक, हवालदार, कुणाचं म्हणून मी ऐकलं नाही, सगळ्यांना कामाला लावलं. सुभेदारसाहेब एकदा म्हणाले, "अबे, मला काय सांगतो?" आणि मोळी उचलून चालायला लागले.

फड लागला की लागला. ज्यांनी तोड केलीय त्यांनाच कळेल. हाताला लय लागते, शेजारचा पुढं गेला की आपण मागं राहत नाही. कोकणातली पोरं गाणी म्हणायला लागली. तीन वाजता शंभर पावलं झाली. कुणीच थांबलं नाही, मीही थांबवलं नाही. शंभराची दीडशे झाली. शेवटी डाव्या अंगाला एक तुकडा राहिला, चांगला दाट, दहा-बारा गुंठ्यांचा.

आमच्या तोडकऱ्यांत एक रीत आहे. फड संपत आला की आतली जनावरं सरकत सरकत त्या शेवटच्या तुकड्यात जमतात. ससा असतो, कधी रानडुक्कर असतं. मग सगळी टोळी त्या तुकड्याला वेढा देते, तोडत तोडत आत सरकते आणि शेवटी ससा सुटला की एकच गलका. त्या दिवशी रात्री कोप्यांमध्ये रस्सा. इथं आम्ही आठ दिवस नुसते शक्करपारे खात होतो. मी म्हटलं, "पोरांनो, यात ससा हाय." बस्स, एवढं बोलायचा अवकाश! तीसजण तुकड्याभोवती उभे राहिले. एकानं ससा झाकायला लोखंडी टोप काढून हातात घेतला. कुणीतरी ओरडला, "हललं, आत काईतरी हललं!" आम्ही दबकत, तोडत, आत आत सरकलो. शेवटची ओळ एकदम आडवी झाली.

आत एक जीप उभी. जीपवर लांबलचक तोफ. शेजारी तिघं. एकाच्या हातात चहाचा मग, दुसऱ्याच्या हातात पण मग, आणि तिसरा आरशासमोर, अर्ध्या गालाला साबण, वस्तरा हवेत. हा तुकडा सोडा, यात आपली तोफ लपवलीय, हीच ती मी न ऐकलेली गोष्ट. ज्यांनी ऐकली होती ते तोडीच्या नादात विसरले होते.

तो साबणवाला हवालदार आमच्याकडं बघतोय, आम्ही त्याच्याकडं. टोप घेऊन उभा असलेल्या पोरानं सवयीनं टोप पुढं केला. हवालदार म्हणाला, "तुम लोग... कौन हो?"

उत्तर द्यायला कुणाला वेळच मिळाला नाही, कारण विमानाचा आवाज आला. लांब, पण येतोय. सपाट मैदान, त्यात मधोमध एक तोफ, लग्नातल्या नवरदेवासारखी सगळ्यांना दिसेल अशी. सुभेदारसाहेबांच्या तोंडून एकच शब्द निघाला आणि तो इथं लिहिता येत नाही.

मला डोकं आहे असं कुणी म्हणत नाही, आमची ही तर नाहीच. पण त्या वेळी डोकं लागलंच नाही, हातांनीच काम केलं. "मोळ्या उभ्या करा! वर बांधा! पाचट आना, पाचट!" आम्ही तोफेभोवती उसाच्या मोळ्या उभ्या केल्या, शेंडे वर एकत्र बांधले, पाचटाचे भारे अंगावर टाकले. कोपी. साधी तोडकऱ्याची कोपी, जरा मोठी. नळी बाहेर राहत होती, तिच्यावर कुणीतरी आपले ओले पायमोजे आणि बनियन वाळत घातलं. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा आम्ही तोडलेल्या उसात पालथे पडलो होतो. त्याला वरून काय दिसलं असेल? तोडलेला फड, पडलेला ऊस आणि कोपीबाहेर वाळत घातलेली कापडं. गेलं बिचारं.

मेजरसाहेब परत आला तेव्हा आम्ही आणखी दोन कोप्या बांधत होतो, तीन असल्या की खऱ्या वाटतात म्हणून. साहेब कडेला उभा राहिला. मैदानाकडं बघितलं, कोप्यांकडं बघितलं, मग खिशातून नकाशा काढला आणि उलटासुलटा करून बघितला. शेवटी म्हणाला, "यहाँ मेरी कंपनी थी."

मला पुढं उभं केलं. साहेबानं जे काय बोलायचं ते सगळं बोलून घेतलं, हिंदीत आणि इंग्रजीत. कोर्टमार्शल हा शब्द मला दोनदा ऐकू आला. मग दम घ्यायला थांबला आणि विचारलं, गावाकडं काय करत होतास?

सगळी कंपनी ऐकत होती. गाववाला तर कान टवकारून. बागायतदार हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता, पण तो खोटा शब्द तिथं, त्या फडात उभं राहून बोलवेना. मी म्हणालो, "ऊस तोडतो साहेब. मी तोडतो, माझी आई तोडते, माझा बाप तोडतो. कोपीत राहतो आम्ही." आणि काय सांगू, छाती अशी मोकळी झाली! भिंगारच्या माणसानं तेव्हा मोजली असती, तर दोन इंच जास्त भरली असती.

साहेबानं कोपीत वाकून डोकावलं. बराच वेळ आत राहिला. बाहेर आला आणि सुभेदाराला म्हणाला, शेजारच्या फडांत लपवलेल्या दोन तोफांनाही असंच घर बांधून द्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे हल्ला आला, तो त्या मोकळ्या केलेल्या जमिनीवरूनच आला आणि तिथंच थांबला. आमचीही दोन पोरं गेली. त्यातला एक टोप घेऊन सशाची वाट बघणारा होता. त्याच्याबद्दल मी शाळेतल्या भाषणात काही सांगत नाही, इथंही सांगणार नाही.

लढाई संपली. फेब्रुवारीत मला रजा मिळाली. संगमनेरला उतरलो, तर गावचे चार जण हार घेऊन स्टँडवर हजर. एकानं मोठ्यानं विचारलं, "काय जवान, किती टन भरला?" बाकीचे फिदीफिदी हसले. समजलो. पत्र पोचलं होतं, चार पानी. गावात पोचेपर्यंत मला सहाजणांनी टनाचं विचारलं. चावडीसमोर सत्कार झाला, नारळ दिला, माझी आई पुढं बसून पदरानं डोळे पुसत होती. सगळं गाव होतं. मामा नव्हता.

नारळ तसाच हातात घेऊन मी त्याच्या वस्तीवर गेलो. ती दारात होती, मला बघून आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "फडात हायेत. खरं काय ते सांगा." मामा बांधावर उभा होता. त्याचा ऊस तसाच उभा, तोडीची पाळी होऊन गेली तरी टोळी आली नव्हती, शेंड्यांना तुरे लागले होते. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"कोयता धरला म्हनं."

"धरला मामा."

"काय ठरलं हुतं आपलं?"

"ठरलं हुतं. मोडलं मी." आणि मग सगळं सांगितलं, संडासाच्या खड्ड्यापासून. सशाचा भाग आला तेव्हा त्याच्या मिशीखाली जरा हललं, पण हसला नाही.

"किती ऊस हुता?"

"दोन एकर आसंल."

"कसा?"

"तुमच्यासारखा. कांडी मनगटाएवढी. एक तन न्हाई आत. जीव लावला हुता कुनीतरी."

"कारखान्याला गेला?"

"लढाईत कुठला कारखाना, मामा? तसाच पडला. वाळला."

मामा बांधावर खाली बसला. "आन मालक?"

"गाव सोडून गेल्ता. बघितला न्हाई मी."

त्यानं शेजारच्या उसाचं वाळकं पान ओढून काढलं. मला वाटलं, आता म्हणेल, जा, झाली सोयरीक. पण तो बोलला ते वेगळंच. "म्या पोरीचं लगीन ह्या उसावर धरलंय. ह्यो गेला की बार उडवायचा. तिकडं बी तसंच आसतं आसंल, न्हाई? त्याला बी एखादी पोरगी आसंल. ठरलं बी आसंल तिचं." थांबला. "ह्या साली न्हाई व्हायचं तिचं."

मला रडू फुटलं. दोन आठवड्यांच्या लढाईत फुटलं नव्हतं, चावडीवर फुटलं नव्हतं. ते दोन एकर मी तोडले तेव्हा मला आनंद झाला होता, आणि त्यात चूक झाली असं मी आजही म्हणत नाही. तोडला नसता तर आम्ही मेलो असतो. पण तो ऊस कुणाचातरी आहे, हे ऊस तोडणाऱ्या माणसाच्या मनात एकदाही आलं नाही. आमचा सत्कार करणाऱ्या अख्ख्या गावाच्याही आलं नाही. आलं ते या तिरसट म्हाताऱ्याच्या.

मामानं मला पोटभर रडू दिलं. मग धोतर झटकत उठला, बांधाकडेच्या झोपडीत गेला आणि परत येऊन माझ्यासमोर कोयता धरला.

"घे. टोळी काय येत न्हाई. तुज्या आई-बापाला बी बोलाव. लगीन करायचंय का न्हाई?"

असा मी माझ्या लग्नासाठी सासऱ्याचा ऊस तोडला. दोन बोटं बुडखा राहिला तेव्हा त्यानं शिव्याही दिल्या. पाडव्यानंतर आमचं लग्न झालं. माझी आई पुढच्या रांगेत, नव्या लुगड्यात.

हे सगळं मी हिला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी सांगितलं. अक्षता पडत होत्या तेव्हा माझ्या डोक्यात ती पलीकडची पोरगी होती, हेही सांगितलं. तर म्हणाली, "म्हंजे माज्या लग्नात हुबं राहून दुसरीच्या लग्नाचा घोर? असला नवरा मलाच घावायचा होता." आणि दोन दिवस त्यावरून मला बोलली. पण तेव्हापासून, आमच्या लग्नाचा दिवस आला की सकाळी चहा देताना ती विचारतेच.

"झालं आसंल का वो तिचं, पुढच्या साली?"

मी म्हणतो, "झालं आसंल."

मला माहीत नाही.